वापरलेल्या व्हीएमसीवर तोच सेन्सर अलार्म पुन्हा पुन्हा येतोय? सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

टूल चेंज चालू असताना व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन, मध्येच थांबतं. स्क्रीनवर टूल क्लॅम्प (स्पिंडलने टूल धरलं का), एटीसी आर्म (टूल आपोआप बदलणारा हात) किंवा पॉट डाऊनचा (टूल ठेवायची वाटी खाली आली का) अलार्म. रीसेट दाबला की जातो, तासाभराने पुन्हा येतो. मग नवीन प्रॉक्सी, म्हणजे धातू समोर आला की सिग्नल देणारा सेन्सर, बसवला जातो, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी तोच अलार्म परत. अशा वेळी काढून टाकलेला जुना सेन्सर पुष्कळदा ठणठणीत असतो.

याचं कारण समजून घेतलं तर पुढचं काम सोपं होतं. सेन्सर खराब आहे की नाही हे कंट्रोलला कळतच नाही. लॅडरमध्ये, म्हणजे मशीनच्या हालचालींचा क्रम ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लिहिलेलं असतं, की अमुक सोलेनॉइड (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल) चालू केल्यावर तमुक इनपुट इतक्या सेकंदांत बदललं पाहिजे. ते बदललं नाही की अलार्म. म्हणजे दोष तीन ठिकाणी असू शकतो : हलणारा भाग जागेवर पोचलाच नाही, पोचला पण सेन्सरला दिसला नाही, किंवा सेन्सरने सांगितलं पण निरोप इनपुट कार्डापर्यंत गेला नाही. वापरलेल्या मशीनवर याच्या जोडीला आधीच्या मालकाकडच्या दुरुस्त्या असतात : पॅनेलमधले जंपर (सेन्सर टाळायला जोडलेले वायरचे तुकडे), वेगळ्या जातीचे सेन्सर, बदललेले टायमर आणि कीप रिले (मशीन बंद केल्यावरही टिकणारी लॅडरची सेटिंग).

हात घालण्याआधी

पॅरामीटर, लॅडर, टायमर, कीप रिले आणि डेटा टेबल यांचा बॅकअप घ्या. जुन्या मशीनची मेमरी बॅटरी कधी बदलली होती हे सहसा कोणालाच माहीत नसतं, आणि वायरिंग तपासताना मशीन अनेकदा बंद-चालू करावं लागतं. मेमरीची बॅटरी आणि अॅब्सोल्यूट एन्कोडरची (मशीन बंद असतानाही अक्षाची जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाची) बॅटरी या दोन वेगळ्या असतात. फॅनक कंट्रोलवर एन्कोडरसाठी वेगळी बॅटरी पेटी असेल तर तिच्यात मोठ्या आकाराचे दीड व्होल्टचे चार सेल असतात. दोन्ही बॅटऱ्या कंट्रोल चालू ठेवूनच बदलायच्या, पण पॅनेलमध्ये हात जपून. कंट्रोल बंद करून एन्कोडरचे सेल काढले तर झीरो जातो आणि रेफरन्स पुन्हा बसवावा लागतो.

आता सुरक्षेचं. प्रॉक्सीसमोर पेचकस धरून इनपुट येतंय का बघायची सवय अनेकांना असते. अर्धवट अडकलेल्या टूल चेंजमध्ये असं केलं, तर लॅडर समजतं की भाग पोचला आणि पुढची हालचाल सुरू करतं. आर्म फिरायला लागतो, आणि हात तिथेच असतो. म्हणून इमर्जन्सी दाबलेली असावी, हवेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधली हवा सोडलेली असावी, मगच पेचकस पुढे करावा. इमर्जन्सी दाबलेली असली तरी स्क्रीनवर इनपुटचा शून्य-एक दिसतो, त्यामुळे तपासणीत काहीच अडत नाही.

अलार्म कधी येतो हे लिहून काढा

मशीनजवळ एक वही ठेवा. प्रत्येक अलार्मला सहा गोष्टी लिहा : अलार्म क्रमांक, वेळ, स्पिंडलमधला टूल क्रमांक, झेड (वर-खाली जाणारा अक्ष) कुठे होता, कूलंट चालू होतं का, आणि मशीन सुरू होऊन किती वेळ झाला होता. दहा-बारा नोंदी झाल्या की दिशा कळते.

दोन-तीन ठरावीक टूलवरच येत असेल तर होल्डर आणि पुलस्टडकडे (होल्डरच्या मागच्या टोकाचा खिळा, ज्याला धरून टूल वर ओढलं जातं) बघा. झेड एका विशिष्ट उंचीवर असतानाच येत असेल तर केबल चेनमधली वायर. कूलंट सुरू केल्यावर थोड्या वेळाने येत असेल तर कनेक्टरमध्ये किंवा जंक्शन बॉक्समध्ये पाणी. मशीन तापल्यावर येत असेल तर सेन्सर, २४ व्होल्टचा सप्लाय किंवा काठावर बसवलेलं अंतर. सकाळी पहिल्या काही टूल चेंजमध्ये येऊन नंतर बंद होत असेल तर हवेतलं पाणी, सुकलेले सील किंवा अडकणारा व्हॉल्व्ह.

पत्ता शोधा आणि तीन ठिकाणी बघा

फॅनकवर १००० ते १९९९ क्रमांकाचे अलार्म आणि २००० ते २९९९ क्रमांकाचे संदेश मशीन बनवणाऱ्याने लॅडरमध्ये लिहिलेले असतात. त्यांचा अर्थ कंट्रोलच्या पुस्तकात सापडत नाही, मशीनच्या पुस्तकात सापडतो. सीमेन्सवर ७००००० पासूनचे पीएलसी अलार्म याच जातीचे. पुस्तक नसेल तर लॅडर उघडून त्या संदेशाचा ए पत्ता शोधा. त्याच्या कॉइलमागे कोणते एक्स पत्ते लावलेत ते बघा. एक्स म्हणजे मशीनकडून येणारं इनपुट, वाय म्हणजे मशीनकडे जाणारं आउटपुट. वायरिंगच्या नकाशावर तोच एक्स पत्ता शोधला की टर्मिनल क्रमांक मिळतो. नकाशा आणि प्रत्यक्ष वायर जुळत नसतील तर वायरवरचा फेरूल क्रमांक वाचत सेन्सरपर्यंत जा. वापरलेल्या मशीनवर हे गृहीतच धरून चाला.

आता एकाच वेळी तीन गोष्टी बघायच्या : सेन्सरवरचा दिवा, पॅनेलमधल्या टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि सिस्टिम बटणाखालच्या पीएमसी (फॅनकमधला लॅडर चालवणारा भाग) स्टेटस पानावरचा बिट.

दिवा लागत नाही आणि भाग समोर आहे, तर सप्लाय, अंतर किंवा सेन्सर. दिवा लागतो पण टर्मिनलवर व्होल्टेज बदलत नाही, तर मधली वायर, किंवा सेन्सरचा आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला. दिव्याचं सर्किट वेगळं असतं, त्यामुळे आउटपुट मेलं तरी दिवा लागू शकतो. टर्मिनलवर व्होल्टेज नीट बदलतं पण बिट बदलत नाही, तर इनपुट कार्ड, त्याचा कनेक्टर किंवा कॉमनची वायर. कार्डावर संशय घेण्याआधी शेजारच्या चांगल्या इनपुटची वायर तिथे लावून बघा. कार्ड सगळ्यात शेवटी.

क्षणभर जाणारा सिग्नल स्टेटस पानावर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पीएमसीचं ट्रेस पान वापरा. संबंधित एक्स आणि वाय दोन्ही लावा आणि टूल चेंज करा. दोन-चार मिलिसेकंदांची पडझड अगदीच बारीक असेल तर ट्रेसमधूनही सुटू शकते, पण अलार्म आणणारी पडझड बहुधा पकडली जाते.

टूल क्लॅम्पचा अलार्म : इथे घाई नको

हा अलार्म सगळ्यात जास्त छळतो, आणि याच्याच बाबतीत सेन्सर थोडा सरकवून काम भागवलं जातं. ते धोक्याचं का, ते सांगतो.

ड्रॉबारच्या (स्पिंडलच्या आतून टूल वर ओढून धरणाऱ्या दांड्याच्या) वरच्या टोकाला एक कॉलर असते आणि तिच्यासमोर दोन प्रॉक्सी किंवा लिमिट स्विच असतात, काही मशीनवर तीन. ड्रॉबारच्या जागा तीन : खाली दाबलेला म्हणजे अनक्लॅम्प, वर गेलेला आणि टूल धरलेला म्हणजे क्लॅम्प, आणि टूल नसताना आणखी थोडा वर गेलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेत थोड्याच मिलिमीटरचा फरक असतो. क्लॅम्पच्या सेन्सरने टूल धरलेलं असताना ऑन राहायचं असतं, आणि ज्या मशीनवर टूल नसल्याचं तपासलं जातं तिथे तिसऱ्या जागेत ऑफ व्हायचं असतं. म्हणून सेटिंगला वाव कमी.

आता ड्रॉबारची जागा कशाने बदलते ते बघा. पहिलं, पुलस्टड. बीटी ४० या मापाच्या होल्डरसाठी ४५, ६० आणि ९० अंशांचे पुलस्टड मिळतात आणि त्यांच्या डोक्याची मापंही वेगळी असतात. मशीनचा ग्रिपर यांपैकी एकासाठीच बनलेला असतो. वापरलेल्या मशीनबरोबर आलेल्या होल्डरमध्ये दोन जातींची सरमिसळ असली तर काही टूलवर सेन्सर लागतो आणि काहींवर लागत नाही. सगळे पुलस्टड काढून एका ओळीत उभे ठेवा आणि कॅलिपरने डोक्याची उंची व मानेचा व्यास मोजा. वेगळा असलेला लगेच हाती लागतो. सैल झालेला पुलस्टडही हाच अलार्म आणतो.

दुसरं, डिस्क स्प्रिंग. स्पिंडलमधल्या थप्पीतल्या काही चकत्या तुटल्या की ड्रॉबार पूर्ण ताकदीने वर ओढला जात नाही. क्लॅम्पचा सेन्सर काठावर येतो आणि अलार्म अधूनमधून येऊ लागतो. अशा वेळी सेन्सर दोन मिलिमीटर खाली सरकवला तर अलार्म जातो, पण टूल धरायची ताकद कमी झालेलीच राहते. जोराच्या कटमध्ये होल्डर टेपरमध्ये हलतो, टेपरवर तांबूस डाग पडतात, आणि शेवटी फिरतं टूल सुटू शकतं. म्हणून क्लॅम्पचा सेन्सर हलवण्याआधी ड्रॉबार फोर्स गेजने ताकद मोजा आणि मशीनच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. गेज नसेल तर मागवून घ्या, हे माप अंदाजाने ठरत नाही.

तिसरं, अनक्लॅम्पचा सिलिंडर. पुष्कळ मशीनवर हवेच्या दाबाने तेल ढकलणारा बूस्टर असतो. त्याच्या छोट्या टाकीतलं तेल कमी झालं की स्ट्रोक अपुरा पडतो आणि अनक्लॅम्पचा सेन्सर लागत नाही. टाकी कव्हरखाली असते, त्यामुळे ती विसरली जाते. तेल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच भरा, आणि भरल्यावर आत अडकलेली हवा निघेपर्यंत पाच-सहा वेळा क्लॅम्प-अनक्लॅम्प करा. स्ट्रोक मोजायला होल्डर टेपरमध्ये ठेवून त्याच्या तोंडाला खालून डायल लावा. अनक्लॅम्प केल्यावर होल्डर किती बाहेर ढकलला जातो ते पुस्तकाशी जुळवा. डायल हललाच नाही तर टूल टेपरमधून सुटत नाहीये, आणि सेन्सर त्याबद्दल खरंच सांगतो आहे.

हवेचा दाब बघताना मशीन उभं असतानाचा काटा वाचू नका. टूल चेंज होत असताना वाचा. उभ्या मशीनवर ६ बार दिसणारी लाइन बारीक पाइपमुळे किंवा तुंबलेल्या फिल्टरमुळे ऐन क्लॅम्पच्या वेळी ४ पर्यंत पडू शकते. रेग्युलेटर वाढवणं हा उपाय नाही. आधी फिल्टर साफ करा, मग पाइपचा व्यास वाढवा, किंवा मशीनजवळ छोटी टाकी लावा.

सेन्सरची जात आणि अंतर

तीन वायरच्या प्रॉक्सीत तपकिरी +२४, निळी शून्य, काळी आउटपुट. चार वायरच्या सेन्सरमध्ये पांढरी वायर दुसऱ्या, म्हणजे बहुधा नॉर्मली क्लोज्ड आउटपुटची. बदली सेन्सर घेताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत : पीएनपी की एनपीएन (आउटपुट +२४ देतो की शून्याला जोडतो), नॉर्मली ओपन की क्लोज्ड (समोर धातू नसताना आउटपुट बंद की चालू), फ्लश की नॉन-फ्लश (तोंडापर्यंत धातूत बसवता येतो की तोंड बाहेर ठेवावं लागतं), आणि सेन्सिंगचं अंतर. नॉन-फ्लश सेन्सर धातूच्या भोकात तोंडापर्यंत बुडवला तर भोवतीचा धातूच त्याला दिसतो आणि तो कायम ऑन राहतो. दोन वायरचा प्रॉक्सी तीन वायरच्या जागी लावलेला आढळला तर तो काढाच. ऑफ असतानाही त्यातून थोडा करंट गळतो आणि ऑन असताना त्याच्यावर जास्त व्होल्टेज पडतं, त्यामुळे काही इनपुट त्याला नीट ओळखत नाहीत. पीएलसी इनपुटच्या नेहमीच्या मानकात १५ व्होल्टच्या वर ऑन आणि ५ च्या खाली ऑफ धरतात, मधला पट्टा भरवशाचा नसतो. टर्मिनलवर ९ किंवा ११ व्होल्ट दिसले तर दोष तिथेच सापडला म्हणायचं.

टेबलावर तपासायला २.२ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर पुरतो. पीएनपी असेल तर काळी आणि निळीच्या मध्ये, एनपीएन असेल तर काळी आणि तपकिरीच्या मध्ये लावा आणि त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. धातू समोर आणल्यावर २२ च्या वर, दूर नेल्यावर जवळजवळ शून्य, असं आलं पाहिजे. लोड न लावता काळ्या वायरवर मोजलेलं व्होल्टेज तरंगतं आणि चांगल्या सेन्सरलाही दोषी ठरवतं.

अंतराचा हिशेब असा. साध्या फ्लश एम १२ सेन्सरवर २ मिलिमीटर छापलेलं असतं, पण खात्रीचं अंतर त्याच्या ८१ टक्के, म्हणजे १.६. तेही लोखंडासाठी. समोर स्टेनलेस असेल तर साधारण ०.७ ने, अॅल्युमिनियम किंवा पितळ असेल तर ०.३ ते ०.५ ने गुणा. म्हणून लोखंडी डॉगसमोर (सेन्सरला दिसण्यासाठी हलत्या भागावर लावलेल्या तुकड्यासमोर) ०.८ ते १ मिलिमीटर अंतर ठेवा. पोस्टकार्डाएवढ्या जाड प्लास्टिकच्या शिमच्या घड्या घालून ते मोजता येतं, आणि स्टीलच्या फीलर गेजसारखं ते सेन्सरला दिसत नाही.

डॉग सेन्सरसमोरून आडवा सरकत असेल तर फक्त समोरचं अंतर पुरत नाही. भाग हाताने हळू सरकवा, दिवा लागतो तिथे डायल वाचा, पुढे नेऊन दिवा विझतो तिथे पुन्हा वाचा. भाग थांबायची जागा या दोन आकड्यांच्या मधोमध आली पाहिजे. काठावर थांबत असेल तर मशीन तापल्यावर अलार्म येणारच. लॉकनट आवळताना सेन्सर फिरू देऊ नका आणि पितळी अंगावर जोर लावू नका, आटे घसरतात.

बीड (ओतीव लोखंड) कापणाऱ्या मशीनवर प्रॉक्सीच्या तोंडावर कूलंट आणि बारीक कीस मिळून काळा थर बसतो. तो लोखंडीच असल्यामुळे सेन्सरला तो डॉग वाटतो आणि सिग्नल ऑफ होत नाही. कापडाने पुसलं की अलार्म थांबतो आणि आठवड्याने परत येतो. इथे पुसणं हा तात्पुरता उपाय. कव्हरची फाटलेली गास्केट किंवा वायपर बदलल्याशिवाय थर बसायचा थांबत नाही.

केबल चेनमधली तुटकी वायर

झेडबरोबर दिवसभर वाकणाऱ्या केबलमध्ये तांब्याच्या तारा आतून तुटतात आणि वरचं आवरण शाबूत राहतं. मशीन उभं असताना तुटकी टोकं एकमेकांना टेकलेली असतात, म्हणून मल्टिमीटर बीप देतो आणि वायर चांगली ठरते. ट्रेस चालू ठेवून झेड कमी फीडवर पूर्ण प्रवास खाली-वर फिरवा. चेन जिथे वळते तिथे सिग्नल पडतो का बघा. खात्रीचा प्रयोग म्हणजे चेनच्या बाहेरून, हलणाऱ्या भागांपासून लांब बांधून, एक तात्पुरती केबल टाकणं. दोन दिवस अलार्म आला नाही तर निकाल लागला. त्याच केबलमध्ये मोकळी वायर असेल तर ती वापरून लगेच काम चालू करता येतं, पण तीही तितकीच वाकलेली असते, तेव्हा नवी केबल मागवून ठेवा. साधी पीव्हीसी केबल कूलंटमध्ये कडक होते. चेनसाठी बनवलेली पीयूआर आवरणाची केबल घ्या आणि चेनमध्ये ती घट्ट बांधू नका, फक्त दोन टोकांना पकडा.

मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) वापरायचा असेल तर वायरची दोन्ही टोकं सोडवा. ५०० व्होल्ट इनपुट कार्डात गेले तर कार्ड जातं.

पाणी शिरलेल्या एम १२ कनेक्टरची पिन हिरवट होते. तो कोरडा करून परत लावू नका, कापून नवा लावा. कूलंट केबलच्या आतून तारांच्या फटीतून चढत जातं, म्हणून कापलेल्या ठिकाणी तांबं काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. जंक्शन बॉक्सची ग्लँड (केबल आत घेणारा सीलबंद जोड) खालच्या बाजूला हवी आणि केबलला आत शिरण्याआधी खाली झोळ हवा.

२४ व्होल्ट

सेन्सरच्या टोकाला मोजा, सप्लायवर नाही. मीटरच्या मिन-मॅक्सवर ठेवून टूल चेंज करा. सोलेनॉइड लागताना व्होल्टेज २० च्या खाली जात असेल तर जुना एसएमपीएस (२४ व्होल्ट देणारा सप्लाय) थकलाय किंवा शून्याची वायर कुठेतरी सैल आहे. वेगवेगळे सेन्सर अलार्म आलटून पालटून येत असतील तर सगळ्यात आधी इथेच बघा. डीसी सोलेनॉइडच्या कॉइलवर उलटा डायोड नसेल तर १एन४००७ लावा, पट्टीची बाजू +२४ कडे. उलट लावला तर सरळ शॉर्ट होतो, म्हणून लावताना दोनदा बघा.

बाकीचे अलार्म, थोडक्यात

सिलिंडरवरच्या रीड स्विचचा (पिस्टनमधल्या चुंबकाने लागणाऱ्या स्विचचा) पट्टा कंपनाने सरकतो. सिलिंडर टोकाला नेऊन स्विच ऑन होण्याच्या पट्ट्याच्या मधोमध बसवा आणि सिलिंडरवर मार्करने खूण करा.

ल्युब प्रेशरचा अलार्म आला तर स्विचला जंपर करू नका. तुटलेली नळी, गळणारा जोड, पंपाची जाळी आणि तेलाची ग्रेड बघा. जंपरची किंमत बॉलस्क्रू आणि स्लाइडवे भरतात. दाराच्या इंटरलॉकलाही हेच लागू : दार झोळलं असेल तर रोलर बदला, स्विचची जीभ सरळ करा, बायपास कधीच नाही.

अक्ष मध्यावर असताना फॅनकचा ५०६ किंवा ५०७ (ओव्हरट्रॅव्हल, म्हणजे अक्ष हद्दीबाहेर गेल्याचा अलार्म) आला तर वायर बघा. ओव्हरट्रॅव्हल स्विच नॉर्मली क्लोज्ड असतो, त्यामुळे वायर तुटली तरी अलार्म येतो. रेफरन्स घेताना कधी कधी बरोबर एका पिचने चुकत असेल तर फॅनकच्या डायग्नोसिस ३०२ वर डॉग सुटल्यापासून ग्रिडपर्यंतचं (एन्कोडरच्या फेरीतल्या खुणेपर्यंतचं) अंतर बघा. ते स्क्रूच्या एका फेरीच्या निम्म्याच्या आसपास हवं. शून्याजवळ किंवा पूर्ण फेरीजवळ असेल तर डॉग सरकवा आणि मग झीरो पुन्हा तपासा.

दुरुस्ती झाल्यावर

हवा आणि कूलंट चालू ठेवून, मशीन तापलेलं असताना, सगळ्या टूलवर मिळून शंभर टूल चेंज करा. ट्रेसमध्ये सोलेनॉइडचं वाय चालू झाल्यापासून सेन्सरचं एक्स येईपर्यंत किती वेळ लागतो तो आकडा घ्या. क्लॅम्प, अनक्लॅम्प, पॉट खाली, पॉट वर, प्रत्येकाचा वेगळा. हे आकडे, सेन्सरचं अंतर, टायमरच्या किमती आणि बदललेल्या वायरचे क्रमांक कागदावर लिहून पॅनेलच्या दाराच्या आतून चिकटवा. तीन महिन्यांनी क्लॅम्पची वेळ ०.६ सेकंदावरून १.१ वर गेलेली दिसली, तर अलार्म यायच्या आधीच सील आणि हवेकडे बघता येईल.